अध्ययन उपपत्ती, अध्ययन शैली आणि वर्गाध्यापन : ग्रामीण महाराष्ट्राच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजशब्द : अध्ययन उपपत्ती, अध्ययन शैली, पूर्वज्ञान, ज्ञानरचनावाद, अध्ययन पातळी, स्थलांतरित बालके

प्रस्तावना

अध्यापन झाले म्हणजे अध्ययन झालेच असे नाही, हे प्रत्येक शिक्षकास अनुभवाने ठाऊक असते. एकाच वर्गात, एकाच तासिकेत, एकाच शिक्षकाने शिकविलेला घटक काही विद्यार्थ्यांना समजतो व काहींना समजत नाही. असे का होते, याचे सुसंगत स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न म्हणजे अध्ययन उपपत्ती होय. शिक्षणशास्त्राच्या पदविका व पदवी अभ्यासक्रमांत या उपपत्तींना मानाचे स्थान आहे. थॉर्नडाइकचे मांजर, पाव्हलॉव्हचा कुत्रा, स्किनरचा उंदीर आणि कोहलरचा चिंपांझी यांची छात्राध्यापकाशी परीक्षेपुरती ओळख होते. पुढे तो शाळेत रुजू झाला की त्या प्राण्यांची व त्याची पुन्हा गाठ पडत नाही. याउलट 'अध्ययन शैली' ही कल्पना मात्र शिक्षकाच्या मनात घर करून राहते. अमुक मूल पाहून शिकते, तमुक मूल ऐकून शिकते, तिसरे हाताने करून शिकते. म्हणून प्रत्येकास त्याच्या शैलीनुसार शिकवावे, हा विचार ऐकताक्षणी पटतो.

पटणारा विचार खरा असतोच असे नाही. प्रस्तुत लेखात प्रमुख अध्ययन उपपत्तींचा अध्यापन पद्धतींवर प्रत्यक्षात काय परिणाम होतो याचे विवेचन केले असून, अध्ययन शैलींच्या कल्पनेची चिकित्सा केली आहे. हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. मिरजगाव परिसर कर्जत तालुक्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात येतो. जवळचे जामखेड व पाथर्डी तालुके आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. त्यांच्याबरोबर गेलेली मुले मार्च-एप्रिलमध्ये परततात. अशा मुलांस वर्गात काय व कसे शिकवावे, याचे उत्तर शिक्षक कोणती उपपत्ती खरी मानतो यावर अवलंबून राहते.

वर्तनवाद : फळ्यावरील गणित व लाल शाई

प्रत्येक शिक्षक कोणत्या ना कोणत्या उपपत्तीनुसार शिकवीत असतो. फक्त त्यास तिचे नाव ठाऊक नसते. 'दहा वेळा लिहून आण' असे सांगणारा शिक्षक थॉर्नडाइकच्या सरावाच्या नियमावर विसंबलेला असतो. थॉर्नडाइकने १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोगांवरून प्रयत्न-प्रमाद अध्ययनाची मांडणी केली व पुढे सज्जता, सराव आणि परिणाम हे तीन नियम सांगितले. आपल्या शाळांनी त्यांतील सरावाचा नियम तेवढा मनापासून स्वीकारला. परंतु स्वतः थॉर्नडाइकने १९३०च्या सुमारास हा नियम दुरुस्त केला, ही बाब बहुतेक मार्गदर्शकांतून गळालेली दिसते. डोळे बांधलेल्या व्यक्तींना ठरावीक लांबीची रेषा वारंवार काढावयास सांगितली आणि प्रत्येक वेळी ती बरोबर आली की चुकली हे कळू दिले नाही, तर शेकडो प्रयत्नांनंतरही रेषेत सुधारणा होत नाही, असे त्यास आढळले. नुसत्या पुनरावृत्तीने अध्ययन होत नाही. आपण कोठे चुकलो हे कळावे लागते.

स्किनरला हाच मुद्दा वर्गात दिसला. १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासास तो पालक म्हणून बसला असता त्याच्या लक्षात आले की, मुले उदाहरण सोडवितात आणि उत्तर बरोबर की चूक हे त्यांना वही तपासून मिळाल्यावर कळते. तोपर्यंत चूक पक्की झालेली असते. या निरीक्षणातून अध्यापन यंत्र व क्रमान्वित अध्ययन या कल्पना पुढे आल्या. आशयाचे लहान टप्पे करणे, प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याकडून प्रतिसाद घेणे व लगेच प्रत्याभरण देणे, ही त्यातील सूत्रे. यंत्रे बाजूला पडली, सूत्रे टिकली. साठ वह्यांचा गठ्ठा आठवड्याने लाल शाईने रंगवून परत करण्यापेक्षा पाटीवर उत्तर लिहून पाटी वर करावयास सांगणे हे या दृष्टीने अधिक शास्त्रीय आहे, आणि त्यास खर्चही नाही.

वर्तनवादावर आज टीका करण्याची रीत आहे. ती सर्वस्वी योग्य नाही. अक्षर वळण, शुद्धलेखन, पाढे, प्रयोगशाळेतील उपकरणांची हाताळणी अशा बाबी सरावाशिवाय येत नाहीत. जेथे समज अपेक्षित आहे तेथेही केवळ सरावच देत राहणे, ही खरी अडचण होय.

बोधात्मक व रचनावादी उपपत्ती : क्षेत्रफळाचे उदाहरण

वर्तनवाद्यांना उत्तर म्हणून गेस्टाल्ट मानसशास्त्रज्ञांनी मर्मदृष्टीची कल्पना मांडली. टेनेरिफ बेटावर कोहलरने निरीक्षिलेल्या सुलतान नावाच्या चिंपांझीने दोन पोकळ काठ्या एकमेकींत बसवून लांबचे फळ जवळ ओढले; परिस्थितीतील संबंध ध्यानात आल्यावर उकल झाली. पुढे पियाजे यांनी मूल आपल्या पूर्वीच्या बोधरचनेत नवा अनुभव सामावून घेते, आणि तो तीत बसेनासा झाला की रचनाच बदलते, असे दाखविले. व्हिगॉट्स्की यांनी या प्रक्रियेत भाषेचे व इतर माणसांचे स्थान अधोरेखित केले. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, या दोहोंमधील समीपस्थ विकासाच्या क्षेत्रातच अध्यापन फलदायी होते, हे त्यांचे प्रतिपादन. ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, विद्यार्थ्यास अगोदर काय येते ही अध्ययनावर प्रभाव टाकणारी सर्वांत महत्त्वाची बाब असून, शिक्षकाने ती शोधून काढावी व तेथून शिकवावे.

ही सर्व नावे एका घटकावर तपासून पाहू. पाचवी-सहावीच्या वर्गात क्षेत्रफळ शिकवावयाचे आहे. 'लांबी गुणिले रुंदी' हे सूत्र फळ्यावर लिहून दहा उदाहरणे सोडवून घेता येतात आणि चाचणीत गुणही मिळतात. त्याच मुलांना विचारावे की, चाळीस फूट दोरीने चार कोपरे काटकोनात धरून जमिनीचा तुकडा आखला, तर दोरी कशीही धरली तरी आतली जमीन सारखीच राहील का? बरीच मुले 'हो' म्हणतात. दोरी तीच आहे, मग आतली जागा बदलेल कशी, हा त्यांचा युक्तिवाद चुकीचा असला तरी तर्कशुद्ध आहे. मग मैदानावर दोरी धरून पाहावी. प्रत्येकी दहा फुटांच्या चार बाजू केल्या तर आत शंभर चौरस फूट जागा येते. पंधरा बाय पाच केली तर पंच्याहत्तर. एकोणीस बाय एक अशी चिंचोळी पट्टी केली तर फक्त एकोणीस. येथे मुलाची जुनी समजूत व समोरचे दृश्य यांत संघर्ष होतो. पियाजे ज्यास असमतोल म्हणतात तो हाच. तो शिक्षकाने सांगून निर्माण होत नाही, दोरी धरल्यावर होतो.

शेतकऱ्याच्या मुलास या घटकाचे पूर्वज्ञान शहरी मुलापेक्षा अधिक असते, मात्र ते वेगळ्या शब्दांत असते. बांध आणि रान यांतील फरक त्यास ठाऊक आहे. बांधाची लांबी म्हणजे परिमिती आणि रानाचे माप म्हणजे क्षेत्रफळ, हा पूल बांधून दिला की पाठ्यपुस्तकातील दोन्ही संज्ञा आपापल्या जागी बसतात. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, अर्थात १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सातबारा उताऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणूनच व्यवहारात गुंठा व आर एकच धरले जातात. घरचा सातबारा वर्गात आणून वाचता आला, तर त्या मुलाचे क्षेत्रफळ पक्के झाले असे समजण्यास हरकत नसावी. (ज्यांच्या घरी सातबाराच नाही अशीही मुले वर्गात असतात, याचे भान शिक्षकाने ठेवावे. नमुना उतारा शाळेनेच पुरवावा.)

या पाठात शेवटी सूत्र येतेच आणि सरावही येतो. उपपत्ती एकमेकींना बाद करीत नाहीत; एकाच घटकाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर त्या उपयोगी पडतात. समजुतीसाठी दोरी, दृढीकरणासाठी उदाहरणे, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एक उदाहरण. या शेवटच्या बाबीस अलीकडील संशोधनाचा भक्कम आधार आहे. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखविले की, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा तो एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात तो आठवड्यानंतर अधिक राहतो. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मात्र वाचणारेच पुढे असतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे वाचन विद्यार्थ्यास का फसविते, हे यावरून कळावे.

रंगविलेली फरशी

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने रचनावादाचा पुरस्कार केला. बालकाचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे अध्ययनाचा उल्लेख आला. महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम सुरू झाला आणि 'ज्ञानरचनावाद' हा शब्द प्रशिक्षण वर्गांतून गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत पोहोचला. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळा पाहण्यास राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. मुले जमिनीवर गटांत बसू लागली, काड्या, मणी, बिया, शब्दपट्ट्या हाताळू लागली. हा बदल स्वागतार्हच होता.

परंतु कोणतीही उपपत्ती शासकीय योजना झाली की तिचे दृश्य रूप तेवढे पसरते. वर्गाच्या फरशीवर तैलरंगाने अक्षरांची फुले, अंकांच्या शिड्या व सापशिड्या रंगविण्याची लाट आली. फरशी रंगविली म्हणजे वर्ग रचनावादी झाला, अशी समजूत काही ठिकाणी रूढ झाली. रंगविलेल्या वर्तुळात उभे राहून मुलाने अक्षर म्हटले आणि फळ्याकडे पाहून म्हटले, यात उपपत्तीच्या दृष्टीने काहीच भेद नाही. रचना मुलाच्या मनात व्हावयाची असते, फरशीवर नव्हे. दुसरीकडे, मुलांनी सर्व काही स्वतःच शोधावे व शिक्षकाने गप्प राहावे, असाही अर्थ लावला गेला. किर्शनर, स्वेलर व क्लार्क यांनी २००६ मध्ये या टोकाच्या भूमिकेवर आक्षेप घेतला. नवशिक्याच्या कार्यस्मृतीची क्षमता मर्यादित असते. मार्गदर्शनाविना शोध घेताना ती शोधण्यातच खर्ची पडते व शिकण्यास काही उरत नाही. पाढे पाठ असणाऱ्या मुलास भागाकार करताना प्रत्येक गुणाकार नव्याने करावा लागत नाही, हा त्याचाच दुसरा भाग होय. पंतोजींच्या शाळेतील पावकी-निमकीची थट्टा करताना एवढे लक्षात ठेवलेले बरे.

कोसबाड : तत्त्व तेच, साहित्य निराळे

उपपत्ती परकी असली तरी अध्यापन पद्धती स्थानिक असू शकते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्यात सापडते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील कामगार वस्तीत बालगृह सुरू केले. त्यांच्या विचारांवर आधारित कार्य गिजुभाई बधेका व ताराबाई यांनी भावनगर येथे केले आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. तथापि माँटेसरींची साधने महाग होती व बालमंदिरे प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गीयांची राहिली. ताराबाईंना हे खटकत होते. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आज पालघर जिल्हा) बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले.

मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतील अंगणात नेण्यात आली. तीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा हेच नाव देशभर गेले. मोठी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा कुरणात भरविली, ती कुरणशाळा. शिंपले, बिया, पाने, खडे हे इंद्रिय-शिक्षणाचे साहित्य झाले. लहान-मोठे, हलके-जड, गुळगुळीत-खरखरीत हे भेद मुलाने स्वतः हाताळून ओळखावेत, हे माँटेसरींचे तत्त्व जसेच्या तसे राहिले. त्यासाठी लाकडी ठोकळेच हवेत हा आग्रह सोडला गेला.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची बाब नोंदविणे आवश्यक आहे. वारली मुले हाताने काम करण्यात तरबेज आहेत, म्हणून त्यांची अध्ययन शैली 'कृतिप्रधान' आहे व त्यांना तेवढेच शिकवावे, असा विचार या दोघींनी केला नाही. हातातील वस्तूपासून सुरुवात करून मुलास लेखन-वाचनापर्यंत नेणे हे उद्दिष्ट होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीमचीही भूमिका अशीच होती. हस्तोद्योग हे सर्व मुलांसाठी ज्ञानाचे माध्यम मानले होते, काही मुलांचे वर्गीकरण नव्हे.

भाषेचा अडसर

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ मध्ये झाली. केंद्राने आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत विज्ञान अध्यापन सुधारण्याचा प्रकल्प राबविला. पुढे मुंबईतील महानगरपालिका शाळांत वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सरळ प्रश्न विचारला : मुलांना विज्ञान समजत नाही की विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा समजत नाही? आशय तोच ठेवून पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली असता मुलांची संपादणूक वाढली आणि वर्गातील त्यांचा सहभागही वाढला. व्हिगॉट्स्कींचा सिद्धांत मराठी वर्गात सिद्ध होण्याचे याहून चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. जी मुले 'मंद' समजली जात होती, ती भाषेमुळे अडलेली होती.

'परिमिती', 'बाष्पोच्छ्वास', 'अपवर्तन' असे शब्द मराठी माध्यमाच्या मुलासही परकेच असतात. ते टाळावेत असे नाही. पण प्रथम अनुभव, मग मुलाचा शब्द, मग पाठ्यपुस्तकातील संज्ञा, हा क्रम ठेवावा. बांध आणि परिमिती यांचे वर दिलेले उदाहरण याच प्रकारचे आहे.

अध्ययन शैली : पुरावा काय सांगतो?

आता अध्ययन शैलींकडे वळू. ही एक कल्पना नसून अनेक कल्पनांचा समूह आहे. कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवजन्य अध्ययनाच्या चक्रावरून चार शैली सांगितल्या. न्यूझीलंडमधील फ्लेमिंग यांनी मिल्स यांच्यासह १९९२ मध्ये दृक्, श्राव्य, वाचन-लेखन व कारक अशी विभागणी मांडली. कॉफील्ड व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये या क्षेत्राचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना अध्ययन शैलींची ७१ प्रतिमाने आढळली. एकाच मुलाचे ७१ प्रकारे वर्गीकरण होऊ शकत असेल, तर त्या वर्गीकरणाविषयी शंका घेणे रास्त ठरते.

या कल्पनेत तीन स्वतंत्र विधाने मिसळलेली आहेत. पहिले, व्यक्तींच्या आवडी भिन्न असतात. हे खरे आहे. दुसरे, एकाच आशयाची चित्र, शब्द व कृती अशा विविध मार्गांनी मांडणी केल्यास अध्ययन सुधारते. हेही बहुधा खरे आहे, पण ते सर्वच विद्यार्थ्यांना लागू पडते. पेव्हिओ यांच्या द्विसंकेत उपपत्तीने त्याचे स्पष्टीकरण देता येते आणि त्यासाठी शैलीची कल्पना लागत नाही. तिसरे विधान असे की, दृक् शैलीच्या मुलास दृक् पद्धतीने व श्राव्य शैलीच्या मुलास श्राव्य पद्धतीने शिकविल्यास प्रत्येकाचे अध्ययन अधिक चांगले होते. अध्यापन पद्धती ठरविण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हेच विधान, आणि पुराव्याचा अभाव आहे तोही येथेच.

हे तपासावे कसे? प्रथम विद्यार्थ्यांची शैली निश्चित करावी. मग प्रत्येक शैलीच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना एका व निम्म्यांना दुसऱ्या पद्धतीने, यादृच्छिक निवड करून, शिकवावे. शेवटी सर्वांची एकच चाचणी घ्यावी. दृक् शैलीवाल्यांना चित्रांनी व श्राव्य शैलीवाल्यांना श्रवणाने अधिक गुण मिळाले, तरच विधान सिद्ध होईल. पॅशलर, मॅकडॅनिएल, रोरर व ब्योर्क यांनी २००८ मध्ये याच कसोटीवर उपलब्ध साहित्य पारखले. त्यांना असे आढळले की, हजारो लेखांच्या या क्षेत्रात अशी रचना असलेले अभ्यास अत्यल्प असून, जे आहेत त्यांतील काही विधानाच्या थेट विरोधात जातात. २०१५ मध्ये रोगोव्स्की व सहकाऱ्यांनी प्रौढांवर केलेल्या अभ्यासातही ऐकणे वा वाचणे यांतील आवड आणि प्रत्यक्ष आकलन यांत अपेक्षित संबंध दिसला नाही. बहुविध बुद्धिमत्तेची मांडणी १९८३ मध्ये करणारे गार्डनर यांनीही २०१३ मध्ये स्पष्ट केले की, आपली उपपत्ती व अध्ययन शैली या भिन्न गोष्टी आहेत. असे असूनही डेकर व सहकाऱ्यांच्या २०१२ मधील पाहणीत ब्रिटनमधील ९३ टक्के व नेदरलँड्समधील ९६ टक्के शिक्षकांचा शैलीनुसार अध्यापनावर विश्वास असल्याचे दिसले. तेव्हा आपलेच शिक्षक मागे आहेत असे मानण्याचे कारण नाही.

माध्यमाची निवड मुलाच्या शैलीवरून नव्हे, तर आशयाच्या स्वरूपावरून करावी लागते. सीना नदीचे खोरे नकाशावाचून शिकविता येत नाही. वृत्ताची लय कानानेच कळते. सूक्ष्मदर्शक हाताळल्याशिवाय येत नाही. नकाशा 'श्राव्य' मुलासही पाहावाच लागेल आणि वृत्त 'दृक्' मुलासही ऐकावेच लागेल.

कोणी म्हणेल की, कल्पना चुकीची असली तरी निरुपद्रवी आहे. तिच्या निमित्ताने शिक्षक निरनिराळी साधने तरी वापरतो. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही. छात्राध्यापकाच्या प्रात्यक्षिक वहीत वीस प्रश्नांच्या प्रश्नावलीवरून मुलांची तीन रकान्यांत विभागणी केलेली असते. 'कारक' या रकान्यात कोण जाते? जे मूल वाचताना अडखळते, वर्गात चुळबुळ करते, पण मैदानावर, शेतात, घरी चपळ असते ते. बहुधा ते कष्टकरी घरातील असते. त्यास वाचता येत नाही ही शाळेची अपूर्ण राहिलेली जबाबदारी, पण रकान्यात तीच त्याची 'शैली' म्हणून नोंदली जाते. मग त्यास माती, कागदकाम, चिकटकाम मिळते आणि पुस्तक दुसऱ्याकडे जाते. ज्यास वाचनाची गरज सर्वाधिक, त्यासच ते कमी मिळते. ज्या समाजात हाताने काम करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, तेथे हे वर्गीकरण निरुपद्रवी म्हणता येत नाही.

शैली नव्हे, पातळी

मुलांमध्ये भेद नाहीत असे येथे सुचवावयाचे नाही. भेद आहेत आणि ते मोठे आहेत. इयत्ता पाचवीच्या वर्गात परिच्छेद सहज वाचणारे मूल असते आणि अक्षरे ओळखण्यापाशी थांबलेलेही असते. हा भेद पूर्वज्ञानाचा, भाषेचा व उपस्थितीचा आहे. त्यानुसार अध्यापन बदलल्यास फरक पडतो का, याची परीक्षा महाराष्ट्रातच झाली आहे.

प्रथम या संस्थेचे कार्य मुंबईत १९९०च्या दशकाच्या मध्यात सुरू झाले. तिच्या बालसखी कार्यक्रमात तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना दिवसातील सुमारे दोन तास वर्गाबाहेर काढून, वस्तीतीलच एक तरुणी त्यांना पंधरा-वीसच्या गटात मूलभूत वाचन व अंकगणित शिकवीत असे. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडन यांनी मुंबई व वडोदरा येथील शाळांत २००१ ते २००३ या काळात या कार्यक्रमाचे यादृच्छिक निवडीने मूल्यमापन केले. ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. संपादणुकीतील वाढ पहिल्या वर्षी प्रमाण विचलनाच्या ०.१४ पट व दुसऱ्या वर्षी ०.२८ पट होती. ही वाढ प्रामुख्याने बालसखीकडे गेलेल्या मुलांची होती. मागे वर्गात राहिलेल्यांची पटसंख्या कमी झाली, तरी केवळ त्यामुळे त्यांची संपादणूक वाढल्याचे दिसले नाही. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात लाभ बराच ओसरला, हेही नोंदविले पाहिजे; अशी मदत एकदाच देऊन भागत नाही. मात्र दिशा स्पष्ट आहे. मुलाच्या पातळीस जुळवून घेतलेले अध्यापन परिणाम देते, शैलीस जुळवून घेतलेल्या अध्यापनाचा तसा पुरावा नाही.

उपपत्तीच्या भाषेत सांगावयाचे तर, बालसखी ऑसुबेलचा निष्कर्ष अमलात आणीत होती. तिने ऑसुबेल वाचलेला असण्याची शक्यता कमी.

स्थलांतरित मुले व वर्गाची पुनर्रचना

ऊसतोड कामगारांच्या मुलाची अडचण या विवेचनाच्या प्रकाशात पाहावी. 'कोयता' म्हणजे पती-पत्नीची जोडी मुकादमाकडून उचल घेते आणि कारखान्याच्या गाळप हंगामात फडाजवळच्या कोपीत राहते. मुले सोबत जातात तेव्हा दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. साखरशाळा चालविल्या गेल्या, गावीच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली. त्यांचा लाभ झाला, तरी सर्व मुले त्यांत येत नाहीत. शिवाय अधिनियमानुसार वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळतो. म्हणजे मूल बहुधा वरच्या वर्गात जात राहते आणि पुस्तक त्याच्यापासून अधिक दूर जाते.

अशा मुलास पाचवीचे पुस्तक चित्रांतून, गाण्यांतून वा कृतींतून शिकविल्याने विशेष साधणार नाही. तिसरीतील हातच्याची वजाबाकी राहिली असेल, तर तेथेच जावे लागेल. दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकास हे शक्य आहे का, हा आक्षेप योग्य आहे. दिवसभर शक्य नाही. परंतु दिवसातील एक तास इयत्ता बाजूला ठेवून चारही इयत्तांतील मुलांचे वाचनाच्या पातळीनुसार तीन गट करणे शक्य आहे. बहुवर्ग शाळेत मुले एकत्र बसतातच. त्या अडचणीचा हा एक लाभ होऊ शकतो. गटासाठी लागणारी चाचणी दहा मिनिटांची असते : अक्षरे, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी मूल कोठपर्यंत वाचते आणि कोणत्या क्रियेपर्यंत गणित करते. दर महिन्याला ती पुन्हा घेऊन गट बदलावेत, अन्यथा गट हेच नवे वर्गीकरण होऊन बसते.

या मुलांकडे पूर्वज्ञानही असते, ते मोजले जात नाही एवढेच. उसाच्या मोळ्या मोजणे, गाडीचे वजन, टनाचा दर, उचलीतून वजा होणारी रक्कम हा हिशेब त्यांनी रोज ऐकलेला असतो. एका टनाचे हजार किलो आणि त्याचा ठरलेला भाव, यावरून एका मोळीचे किती, हे त्रैराशिक त्यांच्या कानावरून गेलेले असते. गणिताचा तास तेथून सुरू होऊ शकतो. मात्र तो तेथेच संपता कामा नये. कारखान्याची वजनपावती वाचता येणे, आणि पुढे उचलीच्या करारातील ओळी वाचता येणे, हे या घरांत शालेय गुणांपेक्षा मोलाचे आहे.

स्थलांतरित मुलांना गाव सोडताना शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत राज्यात आहे, जेणेकरून मूल जाईल तेथील शाळेने त्यास दाखल करून घ्यावे. हे पत्रक भरताना नाव, इयत्ता व उपस्थितीपाशी न थांबता शिक्षकाने त्यावर आणखी दोन ओळी स्वहस्ते लिहाव्यात : मूल आज कोठपर्यंत वाचते आणि गणितात कोठे अडले आहे. कारखान्याच्या परिसरातील अनोळखी शिक्षकास मूल 'दृक्' आहे की 'श्राव्य' हे कळून काही करता येणार नाही. 'जोडाक्षराचे शब्द वाचताना थांबते. दोन अंकी बेरीज येते, हातच्याची वजाबाकी येत नाही' एवढे कळले, तर तो दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासाला शिकविण्यास आरंभ करू शकतो. आणि मार्च-एप्रिलमध्ये मूल परतल्यावर तेच पत्रक गावच्या शिक्षकाच्या हाती पुन्हा येईल, त्यावर त्या दुसऱ्या शिक्षकाच्या हस्ताक्षरातील एक ओळ वाढलेली असेल.